पहिल्या पंगतीतले परके

गावात जात कुणी मानत नाही, हे पोलीस पाटील वाल्मिक आठ दिवस भेटेल त्याला सांगत होता. आदिवासी वाडीवरचा बुधू मेल्यापासून त्याला ते जास्तच पटलं होतं.

झालं होतं ते एवढंच. वाल्मिकच्या थोरल्या पोराच्या हळदीला बुधू पहिल्या पंगतीत बसला. वाल्मिकचा पुतण्या साईनाथ म्हणाला, “ऊठ.” बुधू उठला नाही. साईनाथने मांडवाचा बांबू उपसला. कल्याणला नेईपर्यंत बुधू संपला.

मग गावावर खरं संकट आलं. जात बघून मारलं असं ठरून ॲट्रॉसिटीचं कलम लागलं तर साईनाथ जन्मभर आत. नाही लागलं तर अचानक झालेलं भांडण, चार-सहा वर्षांत मोकळा. चहाच्या टपरीवर कायद्याच्या गैरवापरावर कडाक्याची चर्चा झडली. खुनावर झडली नाही. तो काय, होऊन गेला होता.

शहापूरला डीवायएसपी मॅडमपुढे वाल्मिक जबाब द्यायला बसला.

“पंगत जवळच्यांची होती, मॅडम. कुणीपण परका असता तरी उठवलाच असता. बुधूची जात कुठली, आमाला म्हाईत पण नाय.”

दारात बुधूची बायको ठमी बसली होती. तिला बाहेर काढता काढता हवालदार दमला होता.

“पाटील,” ती म्हणाली, “मानसं किती व्हती मांडवात?”

लग्नघरच्या माणसाला हे विचारावं आणि त्याने गप्प बसावं? वाल्मिकची छाती फुगली.

“दोनशे! मुरबाडवरून तीन जिपा भरून आल्या. पोराचे दोस्त, दोस्तांचे दोस्त. निम्मे तर मीपण वळखत नव्हतो. पण सगळे पहिल्या पंगतीला बसवले.”

“मंग शंभर परके जेवले,” ठमी म्हणाली, “नि उठवला माजाच. त्यालाच कसा काय वळखलात?”

टायपिंग करणाऱ्या शिपायाची बोटं थांबली.

“थांबू नकोस,” मॅडम म्हणाल्या. “पाटील बोलले ते शब्दाला शब्द घे. जिपांसकट.”

“मॅडम, मी पाहुणचाराचं सांगत होतो!”

“तेच घेतलंय. सही करा.”

वाल्मिकने कागद दोनदा वाचला. मुरबाडच्या जिपांबद्दल एक अक्षर खोटं निघेना. अकरा वर्षं पोलीस पाटीलकी केली, पण इतकं खरं त्याने सरकारदरबारी कधी सांगितलं नव्हतं. त्याने सही ठोकली.

बाहेर साईनाथचा बाप वाट बघत होता. “काय झालं रे?”

“कलम लागतंय,” वाल्मिक चडफडला. “त्या ठमीनं घात केला. यांच्या जातीला तोंडच फार!”