दहापैकी नऊ

लिफ्टच्या मिस्त्रीचा 'बहुधा' हा भारी लाडका शब्द. बायकोने जेवायला कधी येताय विचारलं तरी बहुधा दोनपर्यंत, साहेबाने काम झालं का विचारलं तरी बहुधा झालं. अंगाला काही लावून घ्यायचं नाही, बस.

त्या दिवशीही तेच. महिन्याची तपासणी म्हणजे गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत चढून ब्रेक उघडून बघायचा. ऊन रणरणतं, शिडी उभी. गडी खालीच बसला आणि कार्डावर सही ठोकून मोकळा झाला. तेवढ्यात पाचव्या मजल्यावरच्या बाई आल्या. जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या, गुडघे पार कामातून गेलेले.

"लिफ्ट ठीक आहे ना हो?"

"बहुधा."

"बहुधा म्हणजे? दहापैकी किती वेळा?"

असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "नऊ," त्याने दिलं ठोकून.

बाईंनी मान डोलावली. "चालेल. एवढा धोका पत्करते मी," म्हणाल्या आणि आत शिरल्या.

तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये लिफ्ट अडकली. मिस्त्री धापा टाकत वर पोचला, तर ब्रेकची कॉइल जळून काळीठिक्कर. खोलीत जुना जळका वास कोंडलेला. सकाळी नुसतं दार उघडलं असतं तरी कळलं असतं. हाताने चाक फिरवून लिफ्ट तळाशी आणेपर्यंत पाऊण तास गेला. बाई घामाने निथळत बाहेर आल्या.

इमारतीचे सेक्रेटरी मिस्त्रीवर तुटून पडले. बाईंनीच त्यांना थांबवलं. "त्यांना बोलू नका. दहात एकदा बिघडेल हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. ती वेळ माझ्या वाट्याला आली, त्यांचा काय दोष? इतकं नेमकं सांगणारं माणूस भेटतं कुठे?"

मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या त्याने निमूट खाल्ल्या असत्या, सवयच होती. हे मात्र गिळवेना.

"बाई," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मी वर चढलोच नव्हतो. नऊ आपलं असंच सांगितलं."



"अस्सं," बाई म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या. त्याने लगबगीने त्यांची पिशवी उचलली. "मी आणून देतो वर."

"नको." त्यांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि कठडा धरून पहिली पायरी चढल्या.