खिळ्यावरची चावी

मी एक जुना कीबोर्ड आहे, मित्रांनो. माझी तीन बटणे आता रुसून बसली आहेत आणि ‘म’ उमटवणाऱ्या बटणावरचे अक्षर तर पार पुसून गेले आहे. ते कसे पुसले, हे सांगायलाच आज बोलतो आहे. एरवी जन्मभर मी दुसऱ्यांचेच बोलणे पुढे पोहोचवले.

माझा जन्म कारखान्यात झाला. कुणीतरी प्रत्येक बटण एकदा दाबून पाहिले आणि मला खोक्यात घातले. तिथून मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात आलो. तिथे आमची ताई तक्रारी लिहून घेत असे. ‘लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकली’, ‘दार लागत नाही’. ती मेकॅनिक पाठवी, मेकॅनिक उशिरा पोहोचे, आणि बोलणी ताई खाई. तिथे तिचे कोणी ऐकत नसे. पुढे ऑफिसात नवे कीबोर्ड आले तेव्हा साहेबांना विचारून तिने मला घरी आणले. भंगारात जाता जाता मी वाचलो.

घरी आल्यावर कळले, की दर रविवारी दुपारी चार वाजता आमची ताई अंतराळात जाते. घाबरू नका, खुर्चीत बसूनच! तो एक खेळ होता. चाळीसेक माणसे आपापल्या घरून एका अंतराळस्थानकावर जमत. कुणी डॉक्टर होई, कुणी स्वयंपाकी, कुणी पहारेकरी. दोन तास प्रत्येकाने त्या माणसासारखेच वागायचे आणि बोलायचे, आणि बोलायचे म्हणजे टाइप करायचे. ताई होती मुख्य इंजिनिअर. स्थानकाचे दिवे आणि हवा तिच्या विभागाकडे. हाताखाली पाच माणसे.

आई येता-जाता टोमणा मारी, "घरातली ट्यूबलाइट महिनाभर लुकलुकतेय, आणि ही बाई अंतराळात वीज पुरवतेय!"

खरे सांगतो, सुरुवातीला मला ताईचा फार अभिमान वाटे. ऑफिसात मान खाली घालणारी ताई इथे नुसती कडाडत असे. प्रमुख असाच असतो, असे तिला वाटे. आणि काम म्हणाल तर आपला हात जगन्नाथ! ‘मी बघते’, ‘मी करते’, ‘थांबा, मी येते’. माझा ‘म’ पुसला तो असा. बिचारे पाच जण हातात पाने-पक्कड घेऊन तिच्या मागे फिरत, आणि मग कंटाळून कुणी दवाखान्यात, कुणी स्वयंपाकघरात गप्पा मारायला निघून जाई. पुढच्या रविवारी त्यांतले दोघेतिघे परत येतच नसत.

अशात ‘खडू’ असे नाव घेतलेले एक नवे माणूस विभागात आले. खडू फार संथ. काही विचारले, तर उत्तर येईपर्यंत ताईने ते काम उरकलेले असे. "झोपलात का?" ताई विचारी. त्याचेही उत्तर उशिराच येई.

सुटे भाग ठेवायच्या खोलीची एकच चावी होती आणि ती कायम ताईच्या खेळातल्या खिशात असे. एका रविवारी स्थानकाच्या बाहेरच्या भिंतीला भोक पडले. ‘मी करते’ म्हणत ताई एकटीच बाहेर पडली. मित्रांनो, आता मला माझे पाप कबूल केले पाहिजे. चहाबरोबरच्या बिस्किटाचा चुरा माझ्या पुढे चालायच्या बटणाखाली शिरला होता. ताईने ते बटण दाबले, ते दाबलेलेच राहिले. तिची मुख्य इंजिनिअर भिंत सोडून जी चालू लागली, ती थेट मोकळ्या अंतराळात! ताईने मला उलटे केले, आपटले, फुंकर मारली. तोवर स्थानक ठिपक्याएवढे झाले होते. आणि चावी खिशात!

इकडे स्थानकावर मुख्य फ्यूज उडाला. नवा फ्यूज कुलूपबंद खोलीत. दिवे गेले, हवा संपत आली, डॉक्टर अंधारात चाचपडत राहिले. एका बिस्किटाच्या चुऱ्याने चाळीस माणसांचा खेळ अर्ध्या तासात आटोपला.

त्याच संध्याकाळी खेळ चालवणाऱ्या पंचांचा निरोप आला. ‘विभागातून तुमच्याबद्दल तक्रार आली आहे. प्रमुखाने यंत्राबरोबर माणसेही सांभाळायची असतात. पुढचा रविवार ही शेवटची संधी. पुन्हा असे झाले, तर पद दुसऱ्याला देऊ.’

ताई रडली. मला फार वाईट वाटले.

ताईचे बाबा निवृत्त फोरमन. कागदाच्या कारखान्यात तीस वर्षे बॉयलर सांभाळलेला माणूस. त्यांनी रंगाचा जुना ब्रश आणला आणि मला मांडीवर घेऊन एकेक बटण झाडायला सुरुवात केली. तसे कुणी मला कधीच साफ केले नव्हते.

"खेळच आहे ना, मग एवढं काय?" ते म्हणाले.

"बाबा, ऑफिसात मला कुणी विचारत नाही. ही एकच जागा होती, जिथे माझ्यावाचून अडायचं."

"ते तर दिसलंच. चाळीस माणसं अडली." बाबांनी चुरा फुंकून टाकला. "चावी खिशात का ठेवली होतीस?"

"हरवतात हो ती माणसं."

"आणि तूच हरवलीस की!"

ताईला रडता रडता हसू आले.

"माझ्या चाव्या दाराजवळच्या खिळ्याला असायच्या," बाबा सांगू लागले. "कोण नेतोय ते पाटीवर लिहायचं, बस. आणि नवा माणूस आला की वाफेची झडप त्यालाच उघडायला लावायचो. मी शेजारी उभा, पण हात पाठीमागे बांधून. हात पुढे असले ना, की शिवशिवतात."

"आणि त्याचं चुकलं तर?"

"तेवढ्यासाठीच तर शेजारी उभं राहायचं."

पुढच्या रविवारी चारला पाच मिनिटे कमी असताना ताईने विभागाला पहिला निरोप टाइप केला. ‘खोलीची चावी दाराजवळ खिळ्याला टांगली आहे. नेताना पाटीवर नाव लिहा. खडू, आज इंजिन तुम्ही चालू करायचं. मी शेजारी आहे.’

स्थानकाला वीज देणारे हे इंजिन दर खेळाच्या सुरुवातीला चालू करावे लागे. खडू त्याच्यापाशी गेला. पहिली झडप उघडली. दुसरी उघडली. मग खडू थांबला. पडद्यावर इंजिनाचा काटा तांबड्या पट्ट्याकडे सरकू लागला. स्वयंपाक्याने विचारले, "दिवे कधी येणार?" पहारेकऱ्याने विचारले, "आज पण का?" ताईची बोटे माझ्यावर आली. ‘थांबा, मी करते’, तिने टाइप केले. ते मी पाठवले नाही, कारण तिनेच ते खोडले. हे जगात फक्त मला ठाऊक आहे.

तेवढ्यात खडूचा प्रश्न उमटला. "बाई, आता तिसरी की चौथी?"

ताईने लिहिले, "तुम्हाला काय वाटतं?" आणि तिने दोन्ही हात उचलून खुर्चीच्या पाठीमागे घट्ट धरले. मागे बाबा तसेच उभे होते. मी नुसता पडून होतो. काटा सरकत होता. आयुष्यात इतके लांब मिनिट मी पाहिलेले नाही.

"चौथी," खडूने लिहिले. मग बऱ्याच वेळाने, "कारण तिसरीत गरम पाणी अडकलंय."

"अगदी बरोबर. उघडा."

झडप उघडली आणि स्थानकभर दिवे लागले. बाबांनी जोरात टाळी वाजवली. आई धावत आली. तिला वाटले, ट्यूबलाइट लागली.

खेळ संपला की सगळ्यांनी भोजनगृहात जमून दिवसाबद्दल एकेक वाक्य बोलायचे, अशी तिथली रीत होती. खडूचे वाक्य यायला फार वेळ लागला, पण त्या दिवशी चाळीसही जण थांबले. ‘मी गणिताची निवृत्त शिक्षिका आहे, डाव्या हाताच्या एकाच बोटाने टाइप करते, उजवा हात आजारपणात गेला, मागची तक्रार माझी होती, ती मी परत घेते, कारण आज माझी वाट पाहिली गेली.’

ताईने उत्तरादाखल दोनच शब्द लिहिले, ‘माझं चुकलं.’ तो ‘म’ मात्र मी आनंदाने उमटवला.

पद राहिले. पाचही माणसे टिकली. ऑफिसातही आता ताई मेकॅनिकला "कुठे आहात?" असे सारखे विचारत नाही, "काय अडलंय?" असे विचारते. मेकॅनिक तिचा फोन उचलू लागले आहेत.

मित्रांनो, ताईकडे आता नवा कीबोर्ड आहे. मी जेवणाच्या टेबलावर असतो, बाबांसमोर. हो, तेही खेळात आले आहेत. ताईच्या विभागात नवखे इंजिनिअर! माझ्याजवळ बिस्किटे खायला त्यांनी घरात सर्वांना मनाई केली आहे. तुम्हीही आपल्या वस्तू अशाच अधूनमधून झाडून-पुसून ठेवा. आणि एखाद्याचे बोट हळू चालत असेल, तर त्याच्या हातातले काम ओढून घेऊ नका.

काल बाबांची पहिली झडप होती. बॉयलरवरचे तीस वर्षांचे हात, पण माझ्यावरचे एकेक अक्षर शोधताना त्यांना घाम फुटला. समोर ताई खुर्चीत बसली होती, हात पाठीमागे बांधून.

"मॅडम," बाबांनी शेवटी टाइप केले, "जमेल का मला?"

ताईने हात सोडले, तीन शब्द लिहिले आणि पुन्हा मागे बांधले.

"करा. मी आहे."