साठलेलं लोह

ताई दमली की घरच्यांचं निदान ठरलेलं असे: अंगात रक्त नाही. पन्नाशी उलटलेली, दिवसभर सलूनमध्ये उभं राहून केस कापणारी बाई दमणारच. नवऱ्याने लोहाच्या गोळ्या आणून दिल्या. तरी बोटांचे सांधे इतके धरले की एकदा कात्री गिऱ्हाइकाच्या मांडीवर पडली. तेव्हा कुठे ती रक्त तपासायला गेली.

हिमोग्लोबिन ठीक निघालं. फेरिटिनचा आकडा मात्र ठळक छापलेला, शेजारी वर तोंड केलेला बाण.

"बघ, गोळ्या लागू पडल्या!" नवरा खूश झाला. "आता लोहचुंबकापासून लांब राहा."

डॉक्टरीणबाईंना हसू आलं नाही. "गोळ्या आजपासून बंद. फेरिटिनवरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. सूज असली तरी तो आकडा चढतो, म्हणून एकट्या त्याच्यावर मी विसंबत नाही. पण रक्तातून लोह वाहून नेणारं प्रथिनही तुमचं भरून गेलंय. काहींचं शरीर अन्नातलं लोह नको इतकं ओढून घेतं. हे आईवडिलांकडून येतं. जादा लोह सांध्यांत, यकृतात जाऊन बसतं. घरात कुणाला यकृताचा त्रास होता?"

"धाकट्या भावाला. गेला तो. पण तो प्यायचा म्हणे."

"म्हणे?"

भावाच्या हातात बाटली ताईने कधीच पाहिली नव्हती. 'थेंबाला शिवत नाही गं,' म्हणून तो रडायचा. अप्पांनी, तिच्या वडिलांनी, त्याला घराची पायरी चढू दिली नव्हती.

पुढच्या तपासणीत ताईचा आजार पक्का झाला. ठरावीक काळाने रक्त काढून टाकायचं, एवढाच उपाय. रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांनी तपासून घ्यायचं होतं.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "मग त्याच्या तोंडाला वास यायचा तो कसला?"

"यकृत निकामी झालं की येतो, अप्पा. डॉक्टरांना विचारलं मी. तो पीत नव्हताच, असं आता कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण..."

"पण मी त्याला एकदाही दवाखान्यात नेलं नाही," अप्पा म्हणाले आणि बराच वेळ गुडघे चोळत बसले. मग उठून त्यांनी चपला घातल्या. "सूनबाईकडे चल. तिच्या लेकाला तपासायला हवं."

वहिनीने, भावाच्या बायकोने, दार अर्धंच उघडलं. ताईने रिपोर्ट पुढे धरून अडखळत सांगितलं. ऐकताना वहिनीचा चेहरा हलला नाही.

"मुलाला घेऊन जाते उद्याच," ती म्हणाली. "बाकी मी तेव्हाही हेच सांगत होते, की ते पीत नाहीत. तुम्हाला कागद लागला."

अप्पांनी हात जोडले. तिने दार लावून घेतलं.