लोखंडी बूट आणि सदतिसावी ओळ

मित्रांनो, अर्ध्या जगाचं पोट माझ्या टोकावर भरतं. सध्या त्या टोकावर कुया सेव्हेरोची ओली चड्डी वाळते आहे.

मी टोकणीची एक जुनी काठी आहे. जातीने पेरूच्या झाडाची, राहणार लागुना गाव. इथल्या भात संशोधनाच्या शेतावर मी वीस वर्षं भोकं पाडली. सेव्हेरो मला मातीत दाबायचा, मागून आते पासिता दाणे टाकायची; आमच्याकडे दादाला कुया आणि ताईला आते म्हणतात. इथे रोपं लावत नाहीत, बी थेट शेतात पेरतात. बी दोन बोटंच खोल जावं म्हणून माझ्या अंगावर लाल खूण होती.

त्या वर्षी इथल्या शास्त्रज्ञ डॉक्टर लिवायवायबाईंनी साठ संकरित वाण आणले. सहा वर्षांची मेहनत, आणि प्रत्येकाचं बी जेमतेम मूठभर. मातीतून नेटाने वर यायचा गुण कुणाच्या रक्तात उतरलाय, हे त्यांना शोधायचं होतं.

"दुसऱ्यांदा पेरायला दाणा नाही हं," त्यांनी बजावलं.

आणि सेव्हेरोला नेमकं तेव्हाच माझं कौतुक सुचलं! जुन्या जीपच्या पट्टीचा लोखंडी बूट त्याने माझ्या टोकाला ठोकला. मी दोन बोटं लांब झाले. खूण होती तिथेच राहिली.

दहाव्या दिवशी शेत कोरं करकरीत! मला दरदरून घाम फुटला, आणि मी तर लाकूड.

"कुया, बी पेरलं की पुरलं?" पासिताने विचारलं.

"टाकत तूच होतीस ना?"

"मी भोकात टाकलं. तुम्ही विहीर खणलीत ते मला काय ठाऊक!"

बाईंनी मातीत बोटं घातली. ती आत जातच राहिली. "चार बोटं?" त्या मटकन बांधावर बसल्या. "सहा वर्षं गेली, सेव्हेरो."

सेव्हेरोने माझ्या बुटाकडे पाहिलं. मग मला हळूच पाठीमागे लपवलं.

तेवढ्यात पासिता किंचाळली, "बाई! सदतिसावी ओळ!"

साठ वाणांच्या साठ ओळींत एकच पुसटशी हिरवी रेघ, नुकतीच वर आलेली. बाईंनी उकरून पाहिलं. बाकीचे पांढरे कोंब अर्ध्या वाटेत वेटोळं घालून मेले होते. सदतिसाव्याची मान, म्हणजे दाण्यापासून पहिल्या पानापर्यंतचा दांडा, चांगली लांबसडक. वहीत वंश पाहिला तर आजी निघाली पासिताच्या डोंगरातल्या गावचा जुना भात!

"दोन बोटांवर सगळेच उगवायचे," बाई पुटपुटल्या. "मला फरक दिसणार कसा?"

"आणि शेतकरी कुठे बोटं मोजून पेरतो, बाई?" सेव्हेरो पुढे सरसावला.

"आमच्या भाताला तुम्ही गवत म्हणाला होतात," पासिता बाईंना म्हणाली.

"म्हणाले होते."

"मग आता काय म्हणायचं?"

"आता आजीबाई म्हणायचं."

पुढे अहवाल निघाला. त्यात पासिताच्या गावाचे आभार होते, पावसाचे होते, पेरणी 'नियोजनपूर्वक चार बोटं खोल' केल्याचा उल्लेखही होता. हे ऐकून मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. मग पेरणीयंत्र आलं आणि मला उलटी करून अंगणात रोवलं.

मित्रांनो, अवजारांची काळजी घ्या. त्यांचं कौतुकही करा, पण नंतर खूण तपासा. आणि जाता जाता ही चड्डी तेवढी पलटा. या बाजूने वाळली आहे.