माळेखालची गोचीड

मी काटे काढायचा चिमटा बोलतोय. भुवया कोरणारा नाजूक चिमटा वेगळा, मी वेगळा. पैठणच्या बाजारात एका घिसाड्यानं मला ठोकून घडवलं, टोकं बारीक घासली आणि चितेगावच्या केरबा धनगराला विकलं. तेव्हापासून मी त्याच्या करगोट्याला. टाचेत बाभळीचा काटा मोडला की माझी आठवण, निघाला की "ठेव रं तिकडं!" माणसाची जातच अशी.

यंदा मात्र मला काट्यापेक्षा मोठं काम लागलं. केरबाच्या खैऱ्या कुत्र्यानं भाकर हुंगून सोडली. लांडग्याला मेंढीजवळ फिरकू न देणारा गडी नुसता पडून राहू लागला. अंगावर गोचिड्या दिसल्या. केरबानं बिडीचा चटका दिला, तर गोचीड सुटली नाही, कातडी मात्र पोळली. अरे, काय हा शहाणपणा!

मग शहरात, छावणी भागातल्या जनावरांच्या दवाखान्यात, डॉक्टर तनुजाताईंकडं नेलं.

"गोचीडताप आहे, केरबामामा. औषध देते, पण अंगावर एकही ठेवू नका. चटका नको, रॉकेल नको. चिमट्यानं कातडीला लागून धरायची, सरळ, सावकाश ओढायची. पिळायची नाही, बोटानं चिरडायची नाही. साबणाच्या पाण्यात टाका आणि हात धुवा."

घरी येऊन मी कान, काखा, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली सगळं धुंडाळलं. तरी रोज नवी गोचीड! राहिली होती एकच जागा, गळ्यातली कवड्यांची लोकरी माळ. पिल्लू असताना खैऱ्या मरता मरता वाचला, म्हणून केरबाच्या बायकोनं, म्हाळसाबाईनं, साताऱ्याच्या खंडोबाला नवस बोलून, आता हे देवाचं कुत्रं म्हणून ती बांधलेली. जिवात जीव आहे तोवर काढायची नाही. माळेखाली काहीतरी वळवळताना मला दिसायचं, पण मला दोन पाय आहेत, तोंड कुठंय?

शेवटी केरबा म्हणाला, "माळ काढाय लागंल गं."

"देवाची हाय ती! दुसरं काय बी सांगा."

पण एके सकाळी खैऱ्याला मान उचलेना. म्हाळसाबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती ढसाढसा रडली. मग त्याच्या कपाळाला भंडारा लावला, माळेची गाठ सोडली आणि माळ स्वतःच्या गळ्यात घातली.

"मल्हारी, हा बरा होईस्तोर तुझं कुत्रं मी!"

खैऱ्याच्या मानेवर, माळ होती तिथं, गोचिड्यांचा नुसता घोसच. मी एकेक सरळ ओढून काढली.

म्हाळसाबाई माळ घालून, काठी घेऊन मेंढ्यांमागं जाऊ लागली. शेजारची मनकर्णाबाई हसली, "काय गं, भुंकतीस का?"

"येळ आली तर चावीन बी!"

औषधानं ताप उतरला. काल खैऱ्यानं तिच्या हातातली अख्खी भाकर खाल्ली. मला लई आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

बाबांनो, तुमच्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असो, गंडा असो, नाहीतर माळ, रोज त्याखाली बघा. माझ्यासारखा चिमटा जवळ असू द्या.

आज खैऱ्या उठून मेंढ्यांमागं निघाला. म्हाळसाबाईनं माळ त्याच्या गळ्यात परत बांधली. गाठ मात्र सैल मारली, रोज सुटंल अशी.