शाझलींचं नवं फिनॉल

स्फाक्स शहरातल्या प्रयोगशाळेत रौधानं चाचणीची ताटली उजेडात धरली. या चाचणीतल्या यीस्टला बायकांच्या संप्रेरकासारखं काही भेटलं, की पिवळं पाणी तांबडं होतं. ताटलीतले साध्या पाण्याचे खळगे पिवळेच होते. नवं फिनॉल टाकलेले तांबडे झाले होते.

हे फिनॉल बाळांच्या दुधाच्या बाटल्यांच्या प्लास्टिकमध्ये वापरत. जुनं फिनॉल संप्रेरकासारखं वागतं म्हणून ते बंद व्हावं, यासाठी तिचे गुरू शाझली (आदरानं सगळे त्यांना 'सी शाझली' म्हणत) कारखान्याशी वर्षानुवर्षं भांडले होते, आणि त्या जागी हे त्यांनीच सुचवलं होतं. तेव्हा ते विषारी नाही एवढंच तपासलं होतं. ही चाचणी इथं होतच नव्हती.

रौधानं सगळं पुन्हा केलं. पुन्हा तांबडं. मग ती त्यांच्या घरी गेली. म्हातारे शाझली अंगणात बदाम फोडत होते.

"सी शाझली, बातमी वाईट आहे."

"मग उभ्यानं सांगू नकोस. बस."

ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "भांडी नीट धुतली नसशील."

"नवी घेतली होती."

"थेंब टाकताना हात चुकला असेल तुझा."

"तुमच्या हातानं करून बघा."

ते आले. कुठल्या नळीत काय, हे त्यांना कळू नये म्हणून रौधानं नळ्यांवर नुसती अक्षरं घातली. त्यांचा एकही थेंब चुकला नाही. निकाल तोच आला. शाझलींनी ताटली खाली ठेवली.

"माझ्या नातीला मीच पाजलंय त्या बाटलीनं."

"यीस्टमध्ये दिसलं म्हणजे बाळाला बाधलंच असं नाही," रौधा हळूच म्हणाली.

"पोरी, जुन्या फिनॉलच्या वेळी कारखानदार मला हेच सांगत होता."

दोघं कारखान्यात गेले. मालक चिडला. "अहो, तुम्हीच हे आमच्या गळ्यात मारलंत ना?"

"मारलं. म्हणून काढायलाही मीच आलोय."

पुढे मोठ्या प्रयोगशाळेतही तेच निघालं, तेव्हा कुठे बाळांच्या बाटल्या बंद झाल्या. पाण्याचे मोठे कॅन मात्र त्याच फिनॉलचे राहिले. कॅफेतले जुने सोबती म्हणू लागले, म्हाताऱ्यानं उतारवयात स्वतःच्याच तोंडाला काळं फासलं. रौधाला हे ऐकवत नसे.

कारखान्यानं तिसरा पदार्थ तपासायला पाठवला, तेव्हा शाझली तिच्या शेजारी येऊन बसले. या खेपेला त्यांनी चाचणीआधी काहीच सुचवलं नाही.