भुऱ्याची राहिलेली सुई

मुलांनो, मुकुटबनजवळच्या एका घरातली सोयाबीनच्या पोत्यांची खोली मनात आणा. उंदरांना हाकलायला तिथे भुऱ्या नावाचा कुत्रा झोपतो. तो अकरा वर्षांचा, म्हणजे घरातल्या सुरभीपेक्षाही दोन वर्षांनी मोठा.

तरुणपणी भुऱ्याला सुरभीचे आबा दरवर्षी लस टोचून आणत. यंदा तिने आठवण करून दिली, तर म्हणाले, "म्हाताऱ्याले आता कायले सुई? पक्का झाला तो, माह्यासारखा!"

"मंग तुमी रोज बीपीची गोळी कायले घेता?"

आबांनी हसत गोळी तोंडात टाकली.

दिवाळीनंतर भुऱ्याने खाणं सोडलं. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. जनावरांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा रोग उंदरांच्या मुतातून येतो. त्याची लस वर्षभरच पुरते. कुत्रा म्हातारा झाला म्हणून ती थांबवायची नसते. उलट तेव्हाच अंगातली ताकद कमी होते."

"मंग आता टोचा न, बाई," आबा म्हणाले.

"लस आजाराआधी द्यायची असते, बाबा. आता औषध देऊन पाहू."

तिसऱ्या दिवशी भुऱ्या गेला. आबांनी त्याला तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पुरलं आणि तिथेच बसून राहिले. "माह्यामुळं गेला, पोरी," ते म्हणाले.

शेजारच्या मथुराबाईंकडे भुऱ्याची बहीण होती, चांदी. तिलाही कित्येक वर्षांत सुई टोचली नव्हती.

सुरभीने भुऱ्याचा पट्टा उचलला, आबांचा हात धरून त्यांना उठवलं आणि ती चांदीला सुई टोचून आणायला निघाली.